अक्षरांमागचे आकडे (१४) : भरीव ठोकळा

भरीव ठोकळा, म्हणजे █, हे चिन्ह एका अक्षराची जागा काठोकाठ भरते. कोणत्याच बाजूला समास सुटत नाही. त्यामुळे असे दहा ठोकळे ओळीने टाइप केले की अखंड पट्टा दिसतो. काळा चौकोन (■) तसा नाही, त्याच्याभोवती मोकळी जागा राहते. दोघांचे क्रमांकही वेगळे, म्हणून मजकुरात एक शोधला तर दुसरा सापडत नाही.

हा ठोकळा पडद्यावर रुळला तो १९८१च्या आयबीएम पीसीमुळे. त्या यंत्राच्या तक्त्यात, म्हणजे कोड पेज ४३७ मध्ये, २५६ जागा होत्या आणि ठोकळ्याला २१९ क्रमांक मिळाला. खालचा अर्धा ठोकळा २२०, डावा २२१, उजवा २२२, वरचा २२३. डॉसमध्ये ऑल्ट दाबून धरायचे, आकड्यांच्या कीपॅडवर २१९ मारायचे, की ठोकळा उमटे. चौकटी, आलेख, खेळांतल्या भिंती अशा ठोकळ्यांनीच रचल्या जात.

डॉसच्या काळातली फाइल विंडोजमध्ये उघडल्यावर चौकटीऐवजी टोपीवाल्या रोमन ‘यू’ची रांग दिसते, फाइल खराब झाली का, असे एका वाचकाने विचारले आहे. फाइल धडधाकट आहे. बाइट तोच, २१९. मात्र विंडोजच्या कोड पेज १२५२ मध्ये त्या क्रमांकावर टोपीवाला ‘यू’ बसलेला आहे. साध्या मजकूर-फाइलमध्ये नुसते आकडे असतात, ते कोणत्या तक्त्यातून वाचायचे याची नोंद नसते. या २१९चा मराठीशीही संबंध आहे, आणि तो फार सुंदर आहे. भारतीय लिपींसाठीच्या इस्की मानकात (आयएस १३१९४ : १९९१) २१९ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी! एका तक्त्यात भिंतीची वीट, दुसऱ्यात ‘कि’ची वेलांटी.

युनिकोडने प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देऊन हा गुंता सोडवला. जुन्या तक्त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये नेऊन जसाच्या तसा परत आणता यावा, म्हणून ठोकळाही त्यात आला. त्याचा क्रमांक षोडशमान पद्धतीत २५८८, दशमान पद्धतीत ९६०८. शेजारही पाहण्याजोगा आहे. २५८१ वर जागेचा तळचा एक अष्टमांश भरलेला, २५८२ वर दोन. पेल्यात पाणी चढावे तसे चढत २५८८ वर आठही अष्टमांश भरतात. ▁▂▃▄▅▆▇█ एवढ्या चिन्हांत छोटा स्तंभालेख काढता येतो. २५८० मध्ये स्तंभाची उंची मिळवली की हवे ते चिन्ह हाती येते.

हा क्रमांक फाइलमध्ये उतरतो तो बहुधा यूटीएफ-८ पद्धतीने. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदी मॅटवर आखली. २५८८ द्विमान पद्धतीत लिहिले की ००१००१०११०००१००० असे सोळा बिट होतात. त्यांचे चार, सहा, सहा असे तुकडे पाडायचे: ००१०, ०१०११०, ००१०००. पहिल्याच्या आधी १११० आणि उरलेल्या दोघांच्या आधी १० जोडायचे. तयार होणारे बाइट २२६, १५० आणि १३६. पहिल्या बाइटच्या सुरुवातीचे तीन एक सांगतात की चिन्ह तीन बाइटांचे आहे. १० ने सुरू होणारा बाइट मागच्याला जोडून वाचायचा. देवनागरीचे प्रत्येक चिन्हही असेच तीन बाइट घेते, फक्त तिथे पहिला बाइट २२४ असतो. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९.

ठोकळ्याचे हे तीन बाइट चुकून कोड पेज १२५२ मधून वाचले तर एका ठोकळ्याच्या जागी तीन चिन्हे उमटतात: टोपीवाला ‘ए’, आडवी रेघ आणि सुटी टोपी. ठोकळ्याऐवजी रिकामी चौकट दिसली तर मात्र गोष्ट निराळी. तिथे क्रमांक नीट वाचलेला असतो, पण त्या क्रमांकाचे चित्र फाँटमध्ये नसते.