रक्षणाचा जमाखर्च

सरकारी दप्तरात अभयारण्याची नोंद झाली, नकाशावर त्याची हिरवी हद्द आखली गेली आणि अंदाजपत्रकात त्याच्या नावे रक्कम पडली, म्हणजे तेथील जीवसृष्टीचे रक्षण झाले असे मानण्याचा प्रघात सर्वत्र आहे. २०२२ च्या डिसेंबरात मॉन्ट्रियल येथील जैवविविधता परिषदेत राष्ट्रांनी केलेल्या संकल्पांपैकी जो सर्वांत गाजला, तोदेखील २०३० पर्यंत ३० टक्के भूमी व सागर संरक्षणाखाली आणण्याचा, म्हणजे क्षेत्रफळाचाच होता. परंतु खर्चलेल्या पैशाने किती जीवजाती तगल्या, असे विचारताच पंचाईत होते. कारण जो नाश घडला नाही, तो मोजायचा कसा?

संशोधक अँथनी वॉल्ड्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात एक वाट दाखविली. सस्तन प्राणी व पक्षी यांची संकटातील जीवजातींच्या जागतिक लाल यादीतील श्रेणी १९९६ ते २००८ या अवधीत किती घसरली ते पाहून, त्या घसरणीचा दोष १०९ देशांच्या पदरी यथाप्रमाण घालून, आणि लोकसंख्या, शेतीविस्तार व आर्थिक वाढ यांचा दाबही हिशेबात धरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की संरक्षणावरील खर्चामुळे संभाव्य हानी देशामागे सरासरीने सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाली. एकंदर हानीचा सुमारे ६० टक्के वाटा सातच देशांकडे जातो व त्यांत भारतही आहे. मात्र ज्याच्या घरी जीवजाती विपुल त्याच्याकडे गमावण्यासारखेही पुष्कळ, हे विसरून दिलेला दोष मला अन्यायाचा वाटतो.

ज्या मोजक्या देशांत स्थिती सुधारली त्यांत मॉरिशस आहे. तेथील केस्ट्रेल नावाच्या चिमुकल्या ससाण्याचे १९७४ साली रानात चारच पक्षी ज्ञात होते. जंगलतोड आणि डीडीटी यांनी बाकीच्यांचा ग्रास घेतला होता. पुढे जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स यांनी घरट्यातील पहिली अंडी काढून उबवणयंत्रात ठेवली, तेव्हा मादीने पुन्हा अंडी घातली, आणि एका हंगामात जोडप्यामागे दोन विणी हाती आल्या. पिलांना खाद्य पुरविले, घरट्यांसाठी लाकडी पेट्या टांगल्या. पक्ष्यांची संख्या शेकड्यांत गेली. या यशाला विस्तीर्ण मुलखाची गरज पडली नाही, आणि क्षेत्रफळाच्या तक्त्यात ते दिसणारही नाही.

पण १९९० च्या दशकात ही कृत्रिम पैदास थांबली, आणि २०१४ साली हा पक्षी लाल यादीत पुन्हा ‘संकटग्रस्त’ ठरला. २००० साली हिशेब मिटविणाऱ्याला जो खर्च उत्कृष्ट वाटला असता, तोच २०१४ साली उणा भासला असता. म्हणून देशांची अशी क्रमवारी हाती आली, की मोजणी कोणत्या साली सुरू झाली आणि कोणत्या साली थांबली, एवढे मी आधी पाहून घेतो.