तेलसम्राटांची भाऊबंदकी आणि प्रेक्षकांचा चोरटा आनंद

‘डॅलस’ ही मालिका सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर एप्रिल १९७८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे अवघे पाच भाग ठरलेले होते. प्रत्यक्षात ती मे १९९१ पर्यंत चालली आणि तिच्या भागांची संख्या ३५७ वर गेली. टेक्सासमध्ये तेलाच्या धंद्यात गबर झालेले युइंग कुटुंब, साउथफोर्क नावाचा त्यांचा प्रशस्त वाडा, थोरला मुलगा जे. आर. याची न संपणारी कारस्थाने, धाकट्या बॉबीने पिढीजात वैरी असलेल्या बार्न्स कुटुंबाच्या मुलीशी केलेले लग्न आणि या सर्वांना एका छपराखाली धरून ठेवणारे आईवडील, एवढ्या भांडवलावर हा डोलारा तेरा वर्षे उभा राहिला. जे. आर.वर गोळी कोणी झाडली, हा प्रश्न टांगता ठेवून १९८० च्या मार्चमध्ये एक पर्व संपले, कलावंतांच्या संपामुळे उत्तर आणखी लांबले, आणि २१ नोव्हेंबर रोजी ते मिळाले (गोळी झाडणारी त्याची मेहुणीच निघाली) तेव्हा तो भाग एकट्या अमेरिकेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला. मात्र ही मालिका आवडते असे सांगताना त्यांतील कित्येकांना पुढे काहीतरी खुलासा जोडावासा वाटत असे. घेतला तर जातो, पण कबूल करताना ज्याच्यासाठी सबब शोधावी लागते, असा हा चोरटा आनंद आहे, आणि त्यातील आनंद कशाचा आणि चोरी कोणाची, हे दोन प्रश्न वेगवेगळे तपासावे लागतात.

आनंदाविषयीचे सर्वांत प्रचलित उत्तर असे की, पैशाने सुख मिळत नाही हे पाहून बेताच्या परिस्थितीतील प्रेक्षकाला दिलासा मिळतो. हे उत्तर ऐकायला बरे असले तरी फारसे टिकत नाही. दिलासाच हवा असता तर जे. आर. एकदाचा धुळीला मिळावा अशी प्रेक्षकांची इच्छा असायला हवी होती. उलट मुळात दुय्यम ठेवलेले हे पात्र लॅरी हॅगमन यांच्या अभिनयामुळे मालिकेच्या केंद्रस्थानी आले, आणि तो पडला तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा उठून नवा डाव टाकील याची लोक वाट पाहत राहिले. ऐश्वर्याचे नेत्रसुख हे दुसरे उत्तर थोडे अधिक खरे आहे, पण केवळ गाड्या, दागिने आणि पोहण्याचे तलाव पाहण्यासाठी कोणी तेरा वर्षे बसत नाही.

अशा कथांमध्ये संपत्ती दाखवण्यासाठी असते त्यापेक्षा अधिक ती कथेतून काही गोष्टी काढून टाकण्यासाठी असते. सामान्य घरातील भांडणाला घरभाडे, नोकरी, आजारपणाचा खर्च, अपुरी जागा अशी कारणे चिकटलेली असतात, आणि ती इतकी खरी असतात की त्यांच्यामागे दडलेले मूळ दुखणे दिसतच नाही. ती कारणे पैशाने एकदा दूर केली की बापाची मर्जी, भावाचा मत्सर, सुनेचे परकेपण आणि आईचा पक्षपात एवढ्याच गोष्टी उरतात, आणि मग त्यांना आडोसा राहत नाही. त्याच वेळी हीच संपत्ती पात्रांना एकमेकांपासून सुटूही देत नाही, कारण कुटुंब आणि कंपनी एकच असल्यामुळे घर सोडणे म्हणजे हिस्सा सोडणे ठरते. या कुटुंबाचा बाप जॉक युइंग याची भूमिका करणारे जिम डेव्हिस १९८१ मध्ये वारल्यावर मालिकेतही जॉकचा मृत्यू दाखवावा लागला, आणि लेखकांनी त्या अडचणीतून कथेचा एक उत्तम पेच काढला: मृत्युपत्राने कंपनी काही काळापुरती दोन मुलांत वाटली आणि वर्षभरात जो अधिक नफा मिळवील त्याच्याकडे सत्ता जाईल अशी अट घातली. मेलेला बाप जिवंत मुलांना एकमेकांविरुद्ध पळवत आहे, हे दृश्य समजण्यासाठी प्रेक्षकाच्या मालकीची तेलविहीर असावी लागत नाही; गावाकडच्या अर्ध्या एकराची वाटणी पाहिलेली असली तरी पुरते.

मजेची बाब अशी की, अमेरिकी जीवनाच्या मोजमापाने ‘डॅलस’मधील सर्वांत अवास्तव गोष्ट तेथील पैसा ही नव्हतीच. कोट्यधीश असूनही विवाहित भाऊ आपापल्या बायकांसह आईवडिलांच्या घरात राहतात आणि रोज एकाच टेबलावर नाश्ता करता करता भांडतात, हे त्या देशात क्वचितच घडणारे होते. कथेला सगळी पात्रे एकत्र हवी होती म्हणून लेखकांनी ते घडवले. जिथे एकत्र कुटुंब हा नित्याचा अनुभव आहे तिथे मात्र याच गोष्टीला कोणत्याही खुलाशाची गरज पडली नाही. तामार लिबेस आणि एलिहू कॅट्झ या माध्यम-अभ्यासकांनी इस्रायलमधील अरब, मोरोक्कोतून आलेले ज्यू, रशियातून आलेले स्थलांतरित आणि किबुत्झमधील, म्हणजे सामूहिक शेतीवसाहतीतील रहिवासी, तसेच अमेरिकी प्रेक्षक अशा निरनिराळ्या गटांना ‘डॅलस’चे भाग दाखवून त्यांच्या चर्चा नोंदवल्या, त्या अभ्यासाचे पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. अरब आणि मोरोक्कन गट घडलेली गोष्ट क्रमाने सांगत, अमेरिकी आणि किबुत्झमधील प्रेक्षक पात्रांच्या स्वभावावर बोलत, तर रशियन गट हे सारे दाखवण्यामागे निर्मात्यांचा काय हेतू आहे याचा संशय घेत. त्यातील एक नोंद विशेष उद्बोधक आहे. जे. आर.ची पत्नी स्यू एलन मूल घेऊन घराबाहेर पडते आणि पूर्वीच्या प्रियकराच्या व त्याच्या वडिलांच्या घरी राहायला जाते. अरब प्रेक्षकांच्या एका गटाने मात्र ती आपल्याच वडिलांकडे गेली असे एकमेकांना समजावून सांगितले आणि त्यावर सर्वांचे एकमतही झाले. नवऱ्याशी बिनसल्यावर बाई माहेरी जाणार, हे इतके स्वयंसिद्ध होते की पडद्यावर समोर दिसत असलेली गोष्ट त्यापुढे टिकली नाही. परदेशी मालिका पाहणाऱ्याच्या कोऱ्या मनावर आपली छाप उमटवते ही त्या काळची भीती किती भाबडी होती, हे या एका नोंदीवरून कळते.

ती भीती तेव्हा बरीच फोफावली होती. अमेरिकी सांस्कृतिक साम्राज्यवादाचे, म्हणजे सैन्याऐवजी करमणुकीच्या बळावर दुसऱ्या देशांवर पगडा बसवण्याचे, ठळक उदाहरण म्हणून युरोपात ‘डॅलस’चे नाव घेतले जाई आणि फ्रान्सचे संस्कृतिमंत्री जॅक लांग हे या टीकेच्या आघाडीवर होते. याच वातावरणात इएन आंग या तरुण संशोधिकेने ‘व्हिवा’ या डच महिला नियतकालिकात एक छोटीशी जाहिरात दिली: आपल्याला ‘डॅलस’ पाहायला आवडते, पण ते सांगितले की लोक विचित्र नजरेने पाहतात, इतरांना ती का आवडते किंवा आवडत नाही हे त्यांनी लिहून कळवावे. तिला ४२ पत्रे आली आणि त्यांच्या आधारावर लिहिलेले पुस्तक १९८२ मध्ये डच भाषेत, तर १९८५ मध्ये इंग्रजीत निघाले. नेदरलँड्समध्ये १९८२ च्या वसंत ऋतूत निम्म्याहून अधिक लोकसंख्या दर आठवड्याला ही मालिका पाहत होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पत्रांमधील संकोच अधिकच नवलाचा वाटतो.

आंग हिने पत्रांतून ‘भावनिक वास्तव’ अशी एक संकल्पना मांडली. घर, कपडे, व्यवहार यांच्या पातळीवर कथा अविश्वसनीय असली तरी दुरावा, संशय, क्षणभराचा समेट आणि पुन्हा फाटाफूट ही तिच्यातील भावनांची चढउतार पाहणाऱ्याला आपल्या अनुभवाशी जुळणारी वाटते, असा तिचा अर्थ. त्याहून मोलाचे निरीक्षण चोरीविषयीचे आहे. मालिकेचा तिटकारा करणाऱ्यांची पत्रे ठाम होती, कारण बाजारू, साचेबंद, बुद्धीला झोपवणारी अशी विशेषणे त्यांना तयार मिळाली होती; प्रेम करणाऱ्यांकडे मात्र आपल्या आवडीसाठी तयार शब्द नव्हते, म्हणून ते एकतर आधीच माफी मागत किंवा ‘हसण्यासाठी पाहतो’ असे म्हणून उपरोधाच्या आड उभे राहत. यातील लाज मालिकेतून आलेली नसून ती बाहेरच्या, सुशिक्षित अभिरुचीच्या न्यायासनासमोरची आहे.

हे न्यायासन किती लहरी असते ते ‘सक्सेशन’ने दाखवून दिले. जेसी आर्मस्ट्राँग यांची ही मालिका एचबीओवर २०१८ ते २०२३ या काळात चार पर्वांत आली. माध्यमसम्राट लोगन रॉय, त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेली केंडल, शिव आणि रोमन ही तीन मुले, बापाच्या एका चांगल्या शब्दासाठी चाललेली त्यांची तडफड आणि मधल्यामध्ये हिशेब मांडत बसलेला जावई टॉम, हा सांगाडा जॉक युइंगच्या घरापासून फार दूरचा नाही. फरक आहे तो पोताचा: संवाद धारदार, कॅमेरा हलता, संपत्ती जणू कंटाळलेली, आणि जे. आर.च्या मोठ्या टोपीच्या जागी कोणाच्या नजरेत न भरणारे महागडे स्वेटर. या मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचे एमी पारितोषिक तीनदा मिळाले, तिच्यावर गंभीर नियतकालिकांत लेखामागून लेख आले आणि ती पाहणाऱ्याला कोणतीही सबब द्यावी लागली नाही. तिचे लेखन ‘डॅलस’पेक्षा निःसंशय वरच्या दर्जाचे आहे, परंतु शेवटी कोणाला काय मिळणार या उत्कंठेने प्रेक्षक ज्या प्रकारे जागा राहतो, तो प्रकार तोच आहे.

भारतात खासगी वाहिन्या आल्यावर ‘सांता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ यांनी शहरी घरांना धनाढ्य परदेशी कुटुंबांचे कलह दाखवले, आणि जुलै २००० मध्ये स्टार प्लसवर सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ने तीच जागा विराणींच्या हवेलीला दिली. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ ही ई टीव्ही मराठीवरील मालिका २००१ पासून दशकाहून अधिक काळ चालली आणि तिने तीन हजार भागांचा टप्पा ओलांडला. साउथफोर्कमध्ये लेखकांना जे ओढूनताणून जमवावे लागले ते या मालिकेतील देशमुखांच्या घरात मुळातच हजर होते, त्यामुळे तिथला पेच मुलांच्या स्पर्धेपेक्षा सासू आणि सून यांच्यातील अधिकाराभोवती अधिक फिरतो. किल्ल्या कोणाकडे, हा प्रश्न तिथे कंपनीच्या अध्यक्षपदाइतकाच गंभीर असतो. अशा मालिकांची टिंगल करणाऱ्या मराठी घरांतही संध्याकाळी त्या लागत असत आणि वर्तमानपत्राआडून त्यांच्याकडे एक कान देणारे पुरुष ‘ही पाहते म्हणून चालू असते’ असे सांगत; आंग हिला आलेल्या पत्रांमधील सबबींच्या यादीत ही सबब सहज बसली असती. हीच मंडळी रॉय भावंडांची चारही पर्वे दोन-तीन शनिवार-रविवारांत संपवून त्याविषयी जेवणाच्या टेबलावर मोकळेपणाने बोलतात, आणि देशमुखांच्या घरातील सासू व लोगन रॉय या दोघांनाही घराची सूत्रे हातातून सोडवत नाहीत, हे साम्य मात्र त्या बोलण्यात क्वचितच निघते.