अपंग शेतकरी आणि स्वतंत्र उद्योग

मळणीयंत्रांत अगर कडबा कापण्याच्या यंत्रांत हात गमावलेला शेतकरी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. अपघातानंतर घरचीं माणसें कांहीं दिवस हळहळतात; पुढें जमिनीची वहिवाट भावाकडे जाते, आणि बी-बियाणें, जनावरें व बाजारभाव ह्यांची उत्तम पारख असलेला तो मनुष्य ओटीवर बसून राहतो. हात गेला म्हणून ही पारख जात नाहीं. ती वायां घालविण्यांत कुटुंबाचेंच नुकसान आहे.

चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्यानजीक कै. बाबा आमटे ह्यांनीं सन १९४९ मध्यें थोड्या कुष्ठरोग्यांसह पडीक व खडकाळ जमिनीवर आनंदवन वसविलें. झडल्या बोटांनीं तेथें विहिरी खणल्या गेल्या, धान्य व भाजीपाला पिकूं लागला, पुढें हातमाग सुरू झाले. तसेंच सन १९६८ च्या सुमारास जयपूर येथें तयार झालेला रबरी पाय लावून मनुष्यास उकिडवें बसतां येतें व चिखलांत अनवाणी चालतां येतें. सबब शेती सुटलीच, असें मानण्याचें कारण नाहीं.

उद्योग निवडतांना काय गेलें हें न पाहतां काय उरलें हें पाहावें. पाय अधू असल्यास बसून होणारीं कामें, म्हणजे रोपवाटिका, बियाण्याची निवड, दुधाचें माप व हिशेब, हीं सोयीचीं. एकाच हाताच्या मनुष्यास कोंबड्या व शेळ्या संभाळतां येतात. मात्र गव्हाणी बेताच्या उंचीवर, कडी एका हातानें उघडणारी आणि दारांत पायरीऐवजीं उतार असावा. हा खर्च फार नाहीं.

भांडवलाकरितां सन १९९७ मध्यें स्थापन झालेलें केंद्र सरकारचें अपंग वित्त व विकास महामंडळ सवलतीच्या व्याजानें कर्ज देतें. त्यास निदान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. तो आधीं काढून ठेवावा. सन २०१६ च्या कायद्यानें अशा दाखलेधारकांस शेतजमीन वांटपाच्या सरकारी योजनांत ५ टक्के जागा राखून ठेविल्या आहेत.

उरला प्रश्न आपल्या सोसायट्यांचा. अपंग सभासदाचा अर्ज आला कीं दयेनें दहा रुपये हातावर ठेवणें सोपें. पण त्याचा धंदा तपासून इतरांप्रमाणेंच कर्ज देणें, आणि हप्ताही इतरांप्रमाणेंच मागणें, ह्यांत त्याचा खरा मान आहे. कुटुंबानें सातबाऱ्यावरील त्याचें नांव तसेंच राहूं द्यावें व सोसायटीनें पतपुस्तकांत त्याचें खातें उघडावें, एवढीच आमची शिफारस आहे.