मिसोरा, हिबारी

मिसोरा, हिबारी : (२९ मे १९३७–२४ जून १९८९). विख्यात जपानी गायिका व चित्रपट-अभिनेत्री. मूळ नाव काझुए कातो. जन्म योकोहामा येथे एका मासळी-विक्रेत्याच्या कुटुंबात. ‘हिबारी’ म्हणजे चंडोल पक्षी.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या विपन्नावस्थेत ती बालवयातच रंगमंचावर गाऊ लागली. १९४९ मध्ये तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली व त्याच वर्षी कानाशिकी कुचिबुए या चित्रपटामुळे तिला देशभर कीर्ती लाभली. लहान मुलीने प्रौढांच्या ढंगाची गीते गावीत, हे काही समीक्षकांना अनुचित वाटले. तथापि निराधार मुलांच्या तिच्या भूमिकांत सामान्य प्रेक्षकांना आपल्याच हालअपेष्टांचे व आशा-आकांक्षांचे प्रतिबिंब दिसले.

बूगी-वूगी व जॅझपासून एन्का या भावविव्हल, कंपित स्वरांच्या गीतप्रकारापर्यंत तिच्या गायनाची व्याप्ती होती. रिंगो ओइवाके (१९५२), यावारा (१९६४) व कानाशी साके (१९६६) ही तिची विशेष गाजलेली गीते. यावारासाठी तिला १९६५ चा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. धाकट्या भावाच्या गुन्हेगारी टोळीशी असलेल्या संबंधांमुळे १९७३ मध्ये एनएचके या प्रसारण संस्थेच्या वर्षअखेरच्या गीतसंमेलनातून तिला वगळण्यात आले. तरीही तिचा श्रोतृवर्ग टिकून राहिला. गंभीर आजारातून उठून ११ एप्रिल १९८८ रोजी तिने टोकिओ डोम येथे गायन केले. टोकिओ येथे न्यूमोनियाने तिचे निधन झाले. जपान शासनाचा लोकसन्मान पुरस्कार तिला मरणोत्तर देण्यात आला; तो मिळविणारी ती पहिली स्त्री होय.

२०१९ मध्ये एनएचकेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तिच्या आवाजात नवे गीत सादर केले. अनेक श्रोते त्याने सद्‌गदित झाले. मृत कलावंताच्या आवाजाचा असा वापर कितपत उचित, असा प्रश्नही त्यामुळे उपस्थित झाला.