भद्रावती : टेकडीच्या पोटातील बुद्ध

कोळसा खाणींमुळे ओळखल्या जाणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती, म्हणजेच जुने भांदक, येथे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ.स. 772 चा ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेला दानलेख, सापडला असून, चिनी प्रवासी ह्युएन त्संगने वर्णिलेल्या कोसल देशाची राजधानी काही अभ्यासकांनी याच नगरीत शोधली. राजधानीच्या या ओळखीपेक्षा येथील विजासन टेकडीतील बौद्ध लेणी अधिक मोलाची आहेत, कारण त्यांची रचना अगदी आगळी आहे : डोंगरात सरळ शिरणाऱ्या लांब, चिंचोळ्या मार्गाच्या टोकाशी, अंधाऱ्या गाभाऱ्यात, बुद्धाची भव्य बैठी मूर्ती कातळातच कोरलेली आहे, आणि दोन्ही बाजूंना फुटणारे मार्गही अशाच गाभाऱ्यांपाशी संपतात. गावातील तलावावर दगडी खांबांवर तुळया टाकून बांधलेला प्राचीन पूलही आवर्जून पाहावा.