ओळखीच्या नावाने आलेले पत्र

विषाणू म्हटला की आपल्याला ताप-खोकला आठवतो. संगणकाचा विषाणू मात्र हवेतून येत नाही की पाण्यातून येत नाही. तो कुणीतरी लिहिलेला असतो. संगणकाला कळणाऱ्या भाषेतल्या काही आज्ञा, एवढेच त्याचे रूप. मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचे, तंत्रज्ञ नव्हे. पण लिहिलेल्या शब्दाने माणूस कसा भुलतो, हा माझ्या रोजच्या व्यवहारातला विषय आहे. त्या अधिकाराने चार गोष्टी सांगतो.

४ मे २००० रोजी जगभर एक ई-मेल फिरू लागला. विषयाच्या जागी ‘आय लव्ह यू’ आणि आत, सोबतचे प्रेमपत्र पाहावे, अशी विनंती. जोडलेल्या फाइलच्या नावाशेवटी ‘टीएक्सटी’ दिसे, म्हणजे साधा मजकूर. खरे शेपूट त्यापुढे होते, ‘व्हीबीएस’, म्हणजे आज्ञांची फाइल. विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत हे शेवटचे शेपूट लपलेले असे. पत्र समजून फाइल उघडली की आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीत जितकी नावे, तितक्यांना तेच पत्र रवाना होई. शिवाय संगणकातील अनेक चित्रांच्या फाइली नष्ट करून तिथे विषाणू आपलीच नक्कल ठेवी.

आमच्या शहरातला, माझ्या ओळखीचा एक डीटीपीवाला त्यात सापडला. ऐन लग्नसराई. गणपती, कलश, वेलबुट्ट्या, निकाहच्या कार्डांवरचे चाँदतारे, सगळे गेले. पत्र आले होते एका कागदाच्या व्यापाऱ्याच्या नावाने. ‘‘भाई, साठीचा तो गृहस्थ मला प्रेमपत्र कशाला धाडेल?’’ असे तो नंतर म्हणाला. जुन्या फ्लॉपींचा एक डबा त्याने जपून ठेवला होता म्हणून निम्मी चित्रे परत मिळाली आणि धंदा वाचला.

गझलेत पत्र पोचवणारा कासिद असतो. आशिक त्याच्यावर पुरता विश्वास कधी टाकत नाही. वाटेत थांबलास कुठे, पत्र दिले कुणी, हे तो खोदून विचारतो. ई-मेलमध्ये कासिद दिसत नाही, नुसते नाव दिसते. आणि ओळखीच्या नावावर आपण विसंबतो. विषाणू पसरतो तो या विश्वासाच्या आधाराने.

तो विषाणू लिहिणारा मनिलाचा ओनेल द गुझमान हा तरुण सुटला, कारण तेव्हा फिलिपिन्समध्ये अशा कृत्यासाठी कायदाच नव्हता. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ४३मध्ये दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

औषधाच्या शोधात तर महाराष्ट्र मागे नव्हता. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९०च्या दशकात ‘क्विक हील’ हा विषाणूरोधक प्रोग्राम तयार केला. असे प्रोग्राम मुख्यतः ओळखीच्या विषाणूंच्या खुणा ताडून पाहतात. पोलिसांच्या नोंदवहीत नसलेला चोर जसा निसटतो, तसा नवा विषाणू निसटू शकतो. म्हणून हे प्रोग्राम वरचेवर अद्ययावत करावे लागतात आणि तरीही डोळे उघडे ठेवावे लागतात.

जुलै २०१६मध्ये मुंबईच्या युनियन बँक ऑफ इंडियात हेच घडले. रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारखा भासणारा ई-मेल एका कर्मचाऱ्याने उघडला. जोडलेल्या फाइलमधून शिरलेल्या प्रोग्रामने परदेशी व्यवहारांचे परवलीचे शब्द चोरले आणि सुमारे १७ कोटी डॉलर बाहेर वळवले गेले. पण हिशेबातील तफावत लगेच ध्यानात आली, बँकेने तातडीने संबंधितांना कळवले आणि रक्कम वाचली.

आता वाट बदलली आहे. २०२४पासून व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून ‘एपीके’ फाइल येऊ लागली. ती पत्रिका नसून फोनचा ताबा घेणारे अ‍ॅप असते. युक्ती मात्र २००० सालचीच.

उपाय साधे आहेत. अनपेक्षित फाइल आली तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे. त्याच ई-मेलला उत्तर देऊन विचारू नये. नावाचे शेवटचे शेपूट पाहावे. महत्त्वाच्या कागदांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. शंका येताच इंटरनेट तोडावे, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत, ओळखीच्यांना सावध करावे. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

यातले सर्वांत अवघड काम कळवण्याचे आहे. घरातल्या आजोबांनी चुकीची फाइल उघडली, तर ते बोलत नाहीत. नातू हसेल, सून रागावेल, मुलगा फोन काढून घेईल, याची त्यांना धास्ती असते. त्या दोन दिवसांच्या मौनात पेन्शनचे खाते रिकामे होते. तेव्हा घरातल्या तरुणांना माझी विनंती आहे. वडीलधाऱ्यांना फाइलचे शेपूट ओळखायला शिकवाच. पण त्याआधी, ‘‘काही झाले तर लगेच सांगा, आम्ही रागावणार नाही,’’ एवढे वाक्य त्यांना ऐकवून ठेवा.