लॉन मोवरचे इंजिन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मागे चालत ढकलायच्या लॉन मोवरची, म्हणजेच हिरवळ कापण्याच्या यंत्राची, निवड करताना अश्वशक्ती जितकी जास्त तितके यंत्र टिकाऊ, हा समज सर्वाधिक रूढ आहे. वस्तुतः अश्वशक्तीवरून इंजिनाचा जोर कळतो, त्याचे आयुष्य नव्हे. आयुष्य मुख्यतः ठरते ते सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, कारण मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांच्या गतीने चालणाऱ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा तिच्यावर अखंड घासत असतात. अनेक स्वस्त इंजिनांत ही भिंत नुसत्या ॲल्युमिनियमची असते, तर होंडाच्या १९८३ पासूनच्या जीएक्स मालिकेसारख्या व्यावसायिक इंजिनांत तिला आतून बिडाचा लायनर बसवलेला असतो आणि बीड फार सावकाश झिजते. खरेदीपूर्वी विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच आहे.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, या वादातही दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्यामुळे यंत्र कितीही कलले तरी वंगण पोहोचते. मात्र मिश्रणात तेल टाकायचे राहिले, तर पिस्टन जाम होण्यास फार वेळ लागत नाही. फोर-स्ट्रोकचे तेल खालच्या कोठीत स्वतंत्र राहते, धूर कमी होतो. परंतु अशा अनेक लहान इंजिनांत तेलाचा पंप नसतो, फिरता भाग तेल उडवून सर्वत्र पोहोचवतो आणि तीव्र उतारावर तेल एका बाजूस गेले की हे वंगण अपुरे पडते. सपाट हिरवळीसाठी मात्र फोर-स्ट्रोकच निःसंशय योग्य.

पाते दगडावर आपटून बंद पडलेले इंजिन कायमचे निकामी झाले, हा समज विशेष नुकसानकारक आहे, कारण त्यापायी दुरुस्त होणारी यंत्रे भंगारात जातात. रोटरी मोवरमध्ये क्रँकशाफ्ट उभा असतो. त्याच्या खालच्या टोकाला पाते आणि वरच्या टोकाला चुंबक असलेले जड फ्लायव्हील असते. पाते अडकताच शाफ्ट थबकतो, फ्लायव्हील मात्र वेगामुळे पुढे सरकू पाहते आणि दोहोंमधली मऊ धातूची बारीक चावी कापली जाते. मग ठिणगी चुकीच्या क्षणी पडते व इंजिन सुरू होत नाही. स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवून फ्लायव्हील उघडल्यास हा दोष दिसतो आणि शाफ्ट वाकलेला नसेल, तर नवी चावी पुरते; शाफ्ट वाकला असेल, तर ते यंत्र चालवू नये.

न वापरलेल्या यंत्राची झीज होत नाही, हेही खरे नाही. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. त्यातले इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. बहुतेक लहान इंजिनांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य असते, भारतात मात्र आता २० टक्क्यांचे पेट्रोल सर्रास मिळते. म्हणून मोवर बराच काळ ठेवण्यापूर्वी टाकी व कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करावेत.